विसाव्यावरून माघारी

पानशेत फुटल्यानंतर उरवड्यात बचाव पथक उभं राहिलं, पण साळूबाई नवऱ्याला त्यात जाऊ देईना. पुरात शिरणं म्हणजे जिवाशी खेळ, हे तिचं ठाम मत. शेवटी हैबतरावांना सरावापुरतं जखमी होऊन पडायची परवानगी मिळाली. घरात त्यांचं चालायचं ते एवढंच.

दोन बांबूंना घोंगडी बांधून केलेल्या डोलीवर ते डोळे मिटून मजेत पडले. चौघांनी खांदा दिला. शिकवणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं, शाळा येईपर्यंत थांबायचं नाही. पण वाटेत विसाव्याचा दगड आला आणि मयत नेताना थांबतात तसे चौघांचे पाय आपसूक थांबले. डोली खाली ठेवून पुढचे मागे झाले, मागचे पुढे.

हैबतरावांनी एक डोळा उघडला. दगड दिसताच त्यांनी अशी उडी ठोकली, की धोतर सावरत थेट शाळाच गाठली. "आरं, जिता हाय मी!"

सारा गाव हसून लोळला. साळूबाईनंही तोंडाला पदर लावला, मग साहेबांना म्हणाली, "घाला ह्यांचं नाव पथकात. इसाव्यावरनं माघारी आलेला गडी पाण्याला भितोय व्हय!"