लग्नपत्रिकांचं वृंदावन

दहा वाजून वीस मिनिटांनी रुखवताच्या टेबलावरचं तुळशीवृंदावन कोसळलं. आवाज झाला नाही. आधी डावा कोपरा खचला, मग वरची कुंडी झुकली आणि हिरव्या क्रेप कागदाची तुळस सतरंजीवर पडली. लग्न अकरा पस्तीसचं होतं.

कारण साधं होतं. नवरदेवाकडच्या बाया कामरगावहून दोन जीप भरून आल्या, मांडवात बसल्या, आणि पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून मुलीकडच्या कोणीतरी मोठा कूलर त्यांच्याकडे वळवला. मे महिना होता. कूलर आणि बाया यांच्या मधोमध रुखवताचं टेबल होतं. वृंदावन कागदाचं होतं, मैद्याच्या खळीनं चिकटवलेलं. ओल्या वाऱ्यासमोर ते जेमतेम अर्धा तास टिकलं.

टेबलावर बाकीही बरंच होतं. वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची बैलगाडी, वहीच्या पानांच्या घड्या घालून केलेले दोन राजहंस, पुठ्ठ्याची रंगवलेली उतरंड, पतंगी कागदाचं झुंबर. मागच्या पडद्यावर सोनेरी कागदातून कापलेली अक्षरं लावली होती: योगिनीच्या हातचं रुखवत. हल्ली रिसोडहून तयार रुखवत भाड्यानं आणतात. रामकिसन आणि तुळसाबाईंच्या मुलीनं एवढं सगळं घरी केलं, ही गोष्ट हळदीच्या दिवसापासून गावात कौतुकानं बोलली जात होती.

योगिनीनं त्यातलं काहीही केलं नव्हतं. अक्षरंसुद्धा तिनं कापली नव्हती. सगळं काम तिच्या थोरल्या भावाचं, पवनचं होतं.

पवन एकतीस वर्षांचा. बी. ए. झालेला, वडिलांबरोबर सोयाबीन आणि तुरीची शेती करणारा. कागदाचा नाद त्याला टाळेबंदीच्या वर्षात लागला. आधी मोबाइलवर पाहून, नंतर न पाहता. शेतातून आला की हातपाय धुवायचा आणि धान्याच्या खोलीत जाऊन बसायचा. दोन वर्षांपूर्वी मालेगावकडचं एक स्थळ येऊन परत गेलं. मध्यस्थानं रामकिसनना सांगितलं, की मुलीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे. मग चहा संपता संपता हेही सांगितलं, की पोरगा घरात बसून कागदाची फुलं करते असं त्यांच्या कानावर आलं, तेही त्यांना काही बरं वाटलं नाही. रामकिसननी यातली दुसरी गोष्ट धरून ठेवली. नोकरी आणणं त्यांच्या हातात नव्हतं. कागद बंद करणं होतं.

तो बंद झाला नाही, आत गेला. धान्याच्या खोलीचं दार लावलेलं राहू लागलं. कोणी आलंच तर तुळसाबाई सांगत, योगिनी बसली हाये काहीबाही करत. योगिनी तेव्हा वाशीमला शिकत असे आणि महिन्यातून दोन दिवस घरी येई. त्यानंतर आणखी तीन स्थळं आली आणि गेली. कागदाबद्दल कोणी बोललं नाही. नोकरीबद्दल सगळे बोलले.

वृंदावन पडलं तेव्हा पवन मांडवाच्या मागे, आचाऱ्याजवळ होता.

टेबलापाशी पहिल्यांदा पोचल्या त्या साधनाबाई. नवरदेव राजूच्या त्या आत्या. रुखवत पाहायला आणि त्यातलं उणं काढायला त्यांनाच पुढे बसवलं होतं. त्यांनी तुळस उचलली, पदरानं पुसली आणि तुळसाबाईंना म्हणाल्या, की घाबरू नका, अजून तास हाये, पोरीले बाहेर बोलवा, आपल्या हातानं पाच मिनिटात उभं करन.

तुळसाबाईंनी हळदीचं कारण काढलं. हळद लागलेल्या नवरीनं कात्रीला हात लावू नये. हे कारण पक्कं होतं आणि साधनाबाईंनीही ते मान्य केलं.

"बरं. नोको लावू हात," त्या म्हणाल्या. "दारात बसून तोंडानं सांगू द्या, इहीनबाई. आमी इतक्या जणी हाओ. तिनं सांगावं, आमी करतो."

तुळसाबाईंनी आत निरोप पाठवला. कूलर बंद झाला होता. बायांनी टेबलाभोवती घोळका केला. कोणी म्हणालं, खालची पट्टी आधी लावा. कोणी म्हणालं, आत काहीतरी भरलेलं होतं वाटते. योगिनीला दोन मैत्रिणींनी धरून घराच्या उंबरठ्यापर्यंत आणलं. ती पिवळ्या साडीत होती, बाशिंग अजून बांधायचं होतं. तिनं वृंदावनाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग मांडवाच्या तोंडाशी टोप्या-टॉवेल देत उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. रामकिसन मान किंचित हलवत होते. नाही, या अर्थानं.

"सांग नं वं पोरी, पहिले काय लावू?" साधनाबाईंनी विचारलं.

"मले नाही येत, आत्या," योगिनी म्हणाली. "हे सारं दादानं केलं. त्याले बोलवा."

मांडवात एक बाई हसली आणि तिच्या मागोमाग बऱ्याच जणी. राजूला निरोप पाठवा, असं कोणी सुचवलं, बायकोऐवजी साळ्याला घेऊन चल म्हणावं, कामाचा मानूस हाये. दुसरी म्हणाली, की नवरीच्या हातचं रुखवत आजवर पाहिलं, नवरीच्या भावाच्या हातचं पहिल्यांदाच. तुळसाबाई पडद्यावरच्या सोनेरी अक्षरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, पण ती लपण्याइतकी लहान नव्हती.

पवनला बोलवायला कोणी गेलं नाही. हसणं ऐकून तोच आला. हाताला बेसन होतं. त्यानं काय झालं ते पाहिलं, परत जाऊन हात धुतले, आतून कात्री, सुतळीचं रीळ आणि खळीचं भांडं घेऊन आला आणि बायांच्या घोळक्यात सतरंजीवर मांडी घातली. कोणाकडे पाहिलं नाही.

त्यानं आधी पडलेला भाग पूर्ण सोडवला. बाहेरून विटकरी रंग दिलेला असला, तरी आतून वृंदावन जाड पुठ्ठ्याच्या चौकोनांचं होतं, आणि ते चौकोन म्हणजे लग्नपत्रिका होत्या. प्रत्येक घरात येतात तशा आलेल्या, लाल, पिवळ्या, गुलाबी, गणपती छापलेल्या. पवननं त्या मधोमध दुमडून एकावर एक रचल्या होत्या. ओल्या झालेल्या त्यानं बाजूला काढल्या. साधनाबाईंनी त्यातली एक उचलून उजेडात धरली.

"हा संघदीप कोन?"

"माह्यासंगं शाळेत होता."

"अन् हा हेमसिंग?"

"थोही."

त्यांनी आणखी एक उचलली, तीवरचं नाव वाचलं, पण विचारलं नाही. पत्रिका परत खाली ठेवली.

"तुह्यं नाही झालं काय रे अजून?"

"नाही, आत्या."

हे त्यानं सुतळी दातात धरून सांगितलं. चार कोपरे एकदम बांधायचे होते आणि दोन हात पुरत नव्हते. कामरगावच्या बायांमधली एक मुलगी, साधनाबाईंच्या दिराची संगीता, न सांगता खाली बसली आणि तिनं समोरचे दोन कोपरे दाबून धरले. पवननं सुतळीचा वेढा तिच्या बोटांवरून घेतला. तिनं बोटं एकेक करून काढून घेतली. दोघांत बोलणं झालं ते एवढंच, की तिनं विचारलं, खळ वाळाले वेळ हाये काय, आणि तो म्हणाला, नाही, म्हणून त सुतळी. वृंदावन पुन्हा उभं राहिलं. पूर्वीपेक्षा दोन बोटं बुटकं.

लग्न पंधरा मिनिटं उशिरा लागलं. त्याचा वृंदावनाशी संबंध नव्हता. भटजी दुसऱ्या लग्नावरून येत होते. संध्याकाळी रुखवत जीपमध्ये भरलं गेलं. राजहंस आणि बैलगाडी टपावर, वृंदावन साधनाबाईंच्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंज्या गुंडाळताना रामकिसन पवनला त्याबद्दल पहिल्यांदा बोलले.

"झालं तुह्या मनासारखं? गावानं पाह्यलं, सोयऱ्यायनं पाह्यलं."

"कूलर तिकडं फिरवाले नाही पाह्यजे होता," पवन म्हणाला.

त्यानंतर चार दिवस दोघं शेतात शेजारी शेजारी काम करत होते आणि कामापुरतं बोलत होते. शेणखताची शेवटची गाडी टाकून झाली. धान्याच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं होतं. ते उघडं कोणी ठेवलं, हे कोणी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी कामरगावहून फोन आला. रामकिसनना एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर टाकतात. ओट्यावर ते होते, दारात तूर पाखडत तुळसाबाई, आणि अंगणात वखराचं लाकूड तासत पवन. बोलणं तिघांनी ऐकलं.

बोलणारे संगीताचे वडील होते. त्यांनी लग्नाची व्यवस्था चांगली झाली म्हणून सांगितलं, जेवणाचं नाव घेतलं, योगिनी रुळली असल्याचं सांगितलं. मग पाऊसपाणी, मग जमीन किती, विहीर कोणाच्या वाट्याला. रामकिसन बसल्या जागी सरळ झाले. अशा चौकशीचा अर्थ त्यांना कळत होता. पुढचा प्रश्न कोणता, तेही कळत होतं.

"अन् पोरगा काय करते?"

या प्रश्नाचं रामकिसनचं उत्तर ठरलेलं होतं. शेती तर हायेच, आणि वाशीमला एका ठिकाणी नोकरीचं चालू आहे, या महिन्या-दोन महिन्यांत होऊन जाईल. मागच्या चारही स्थळांना त्यांनी हेच सांगितलं होतं. तुळसाबाईंनी सूप खाली ठेवलं. अंगणातलं तासणं थांबलं.

"शेती करते," रामकिसन म्हणाले. "नोकरी नाही. पाहून बी नाही राह्यला."

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"अन् रुखवत करते. कागदाचं. योगिनीच्या लग्नात तुमी पाह्यलं असन, थे त्यानंच केलं."

"मी नाही पाह्यलं. आमी मानसं जेवाले बसलो होतो," फोनमधला आवाज म्हणाला. मग म्हणाला, "पोरीनं पाह्यलं. बरं. पोरीले इचारून सांगतो."

फोन बंद झाल्यावर तुळसाबाईंनी हळू आवाजात विचारलं, की नोकरीचं नाही म्हणून कायले सांगतलं, दोन दिवस थांबता आलं असतं. रामकिसननी फोन खिशात ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला उठले. पवन पुन्हा तासू लागला. लाकूड ठरवल्यापेक्षा जास्त तासलं गेलं आणि वखराला दुसरं बसवावं लागलं.

शनिवारी रामकिसन बियाण्यासाठी रिसोडला गेले. परतले तेव्हा मोटारसायकलच्या मागे बियाण्याच्या दोन थैल्या होत्या आणि त्यांच्यावर आडवी बांधलेली रंगीत कागदाची गुंडाळी. ती त्यांनी ओट्यावर टाकली आणि आत गेले. पवननं एक कागद काढून बोटात चोळून पाहिला. रंग भडक होते, कागद पातळ होता.

"खळीनं फाटन हा," तो आईला म्हणाला.

"मंग बदलून आन," तुळसाबाई म्हणाल्या.

त्यानं बदलला नाही.

रविवारी योगिनीचा फोन आला. वृंदावन समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलं आहे. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की हे सुनेच्या भावानं केलं. कोणी हसते, कोणी नाही. संगीता दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं, खळीत तुहा भाऊ काय टाकते. योगिनीला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं पवनचा नंबर दिला.

सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या नंबरवर फोन आलेला नव्हता. संगीताच्या वडिलांचाही नाही.