तोंडी कामाला गुण नाहीत

मास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, आणि त्यानं आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलंही नव्हतं. तो प्रोग्रॅम लिहायचा. पण मतं देण्याची हौस इतकी दांडगी, की ऑफिसातल्या लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचं बारसं करून टाकलं. चहाच्या मशीनपाशी कुणी सहज "काय म्हणतोस?" विचारलं तरी याची शिकवणी सुरू. प्रोग्रॅममध्ये नावं अशी ठेवावीत की परक्या माणसालाही ती वाचून कळावीत. हुशारी मिरवायला लिहिलेला कोड सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच कळत नाही. नवीन आलेली प्रत्येक गोष्ट चांगली असते असं मानणारा माणूस आणि जुनी प्रत्येक गोष्ट चांगली असते असं मानणारा माणूस, दोघांनाही कीबोर्डपासून लांब ठेवावं. चहा गार व्हायचा, ऐकणारा कंटाळून निघून जायचा, मास्तर मात्र तिथेच.

त्याचं सगळ्यात लाडकं मत न्यायाबद्दलचं होतं. "बढती कामाला मिळत नाही, हसण्याला मिळते," असं तो म्हणायचा. यात खोटं काही नव्हतं. किती साहेब आले नि गेले, प्रत्येकानं आपापल्या मर्जीतला माणूस वर नेला आणि मास्तरच्या हातावर 'तुमच्या कामाचं कौतुक वाटतं' एवढंच वाक्य ठेवलं. मास्तरला हसून बोलता येत नसे. साहेबाच्या विनोदावर तो विचार करायचा. अशा माणसाचं कुठल्याच ऑफिसात भलं होत नाही.

म्हणून नव्या साहेबांनी त्याला आत बोलावून दार लावून घेतलं, तेव्हा त्याला वाटलं, आता हा उपदेश करणार. पण साहेबांनी उपदेश केला नाही.

"मास्तर, वरून हुकूम आलाय. माणसं कमी करायची आहेत. प्रत्येक विभागातले सगळ्यात खालचे जाणार. आता खालचं कोण, हे मी ठरवलं तर तुम्हीच उद्या म्हणाल, वशिलेबाजी झाली."

"म्हणेन," मास्तर म्हणाला.

"मग तुम्हीच ठरवा. माप तयार करा. सगळी नोंद कॉम्प्युटरवर आहेच. कुणाचं तोंड न बघता."

मास्तर खुर्चीवरून उठला तो वेगळाच माणूस होऊन. माणसं जाणार याचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जन्मभर ज्या न्यायासाठी घसा कोरडा केला, तो न्याय आता त्याच्याच हातानं होणार होता. नावं काढून टाकायची, प्रत्येकाला आकडा द्यायचा, आणि नोंदीत जे आहे तेवढंच धरायचं. कुणी किती काम संपवलं, कुणाच्या कामात किती चुका निघाल्या, तपासणाऱ्यांपैकी कुणी किती चुका पकडून नोंदवल्या. नोंदीत नाही ते धरायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. तोंडी गोष्टींना एकदा जागा दिली की त्याच दारानं मर्जी आत शिरते, असं त्याचं म्हणणं होतं. साहेबांनी तो नियम शब्दशः उतरवून सगळ्यांना पाठवला.

घरी त्यानं बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती भांडी पुसून फडताळात लावत होती.

"आणि हे माप बरोबर आहे, हे कशावरून?" तिनं विचारलं.

"पडताळून बघितलं ना. आधी थोडं चुकत होतं. मग कशाला किती महत्त्व द्यायचं ते जरा इकडे तिकडे केलं. आता बरोबर येतंय."

"बरोबर येतंय म्हणजे?"

"म्हणजे माझा आकडा पहिला येतोय."

बायकोच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. "मग बरोबरच असणार हो," म्हणून ती हसत सुटली. मास्तरला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. तराजू बरोबर आहे की नाही ते माहीत असलेलं वजन टाकूनच बघतात, आणि आपण किती चांगलं काम करतो हे त्याला माहीत होतं. त्यानं तसं सांगितलंही. त्यावर ती आणखीच हसली.

आकड्यांपुढची नावं उघडली ती साहेबांच्या खोलीत, दुपारच्या जेवणानंतर. मास्तर पहिला होता. साहेबांनी "अभिनंदन, पहिले आलात, म्हणजे विभागाचं प्रमुखपण आता तुमच्याकडे" म्हणून हात पुढे केला आणि मास्तरनं तो हातात घेतलाही. मग साहेबांनी पडद्यावरची यादी खाली सरकवत नेली. तळाशी कोण असेल याची मास्तरला जवळजवळ खात्री होती. दिवसभर फोनवर घरं बघणारा तो एक जण होता, आणि बैठकीत डोळे उघडे ठेवून झोपणारा एक. पण ते दोघे मधेच कुठेतरी सुखानं नांदत होते. सगळ्यात खाली ताई होत्या.

ताई म्हणजे तपासणीच्या ताई. प्रोग्रॅम लोकांच्या हातात जाण्याआधी तो ताईंच्या हातून जायचा. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि पायांत घरच्यासारख्या मऊ चपला. त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. त्यांची कामाची रीत सगळ्या ऑफिसला पाठ होती. चूक सापडली की ताई ती कॉम्प्युटरवर नोंदवायच्या नाहीत. उठायच्या, ज्याची चूक त्याच्या खुर्चीमागे यायच्या आणि कानाशी वाकून म्हणायच्या, "अरे, जन्मतारखेच्या जागी पुढच्या वर्षाची तारीख टाकून बघ बरं." एवढंच. तो बघायचा, जीभ चावायचा, दुरुस्त करायचा. नोंद झाली असती तर ती कायमची राहिली असती आणि सगळ्यांनी वाचली असती. "घरच्या माणसाचं नाक चारचौघांत कशाला कापायचं?" असं त्या म्हणायच्या. दुसऱ्या कुठल्या विभागात असं चालत नसे. इथे चालायचं, कारण इथे ताई होत्या.

आणि आता नोंदीप्रमाणे ताईंनी वर्षभरात जवळजवळ एकही चूक पकडलेली नव्हती.

मास्तर जागेवर आला आणि स्वतःचा आकडा उघडून बसला. चुकांचा रकाना स्वच्छ होता. तो पहिला आला होता तो या रकान्याच्या जोरावर. बाकीच्यांपेक्षा त्यानं काम काही फार जास्त केलं नव्हतं, फक्त त्याच्या चुका निघाल्या नव्हत्या. बाकीच्यांच्या काही चुका दुसऱ्या तपासणाऱ्यांनी नोंदवल्या होत्या, त्याचं काम मात्र नेहमी ताईंकडेच जायचं. त्याला त्या मऊ चपला आठवल्या. आठवड्यातून एकदा तरी त्या त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबत. इतरांपेक्षा जास्तच येत असतील, कारण अवघड कामं त्याच्याकडे असायची आणि अवघड कामात चुकाही अवघड होतात. आपण दुसऱ्याच्या पाठीवर उभं राहून उंची मोजून घेतली, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं.

तसाच उठून तो साहेबांकडे गेला.

"साहेब, ताईंचं चुकलंय. म्हणजे मापाचं चुकलंय. त्या चुका पकडतात, पण नोंदवत नाहीत. तोंडी सांगतात."

"तोंडी धरायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"बरं, आपण अपवाद करू," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. "त्या कुणाला सांगतात, त्यानं लिहून द्यावं. माझ्या कामात या या चुका होत्या आणि त्या ताईंनी पकडल्या, इतकंच. त्यांच्या खात्यात जमा करू, त्याच्या खात्यातून वजा करू. हिशेब सरळ आहे. कुणाला सांगतात त्या?"

मास्तरच्या तोंडात एक शब्द होता. 'मला.' इतका लहान शब्द, की बोलायला श्वासही लागत नाही. जन्मभर हा माणूस नको तिथे बोलत आला, नको त्याला शिकवत आला, आणि आता बोलायचं होतं तर त्याची दातखीळ बसली. प्रमुखपणासाठी हात पुढे आला होता, तो अजून जेमतेम सुटला होता. घरी बायकोला फोनवर सांगूनही झालं होतं.

"सगळ्यांनाच," तो म्हणाला.

"सगळे म्हणजे कुणीच नाही, मास्तर. एक नाव आणा. नाहीतर माप बदला, माझी हरकत नाही. पण कुठलंही माप आणलंत तरी तळाशी कुणीतरी असणारच, एवढं लक्षात ठेवा."

मास्तरनं माप बदलून पाहिलं. ताईंना वर काढायला गेलं की बाळंतपणाहून नुकतीच परत आलेली मुलगी खाली जायची. तिला सावरलं की ज्याचा हात प्लास्टरमध्ये होता तो खाली. प्रत्येक वेळी खाली एक ओळखीचा चेहरा यायचा आणि प्रत्येकाला खाली असायला काहीतरी धड कारण असायचं. ताई वर राहतील आणि दुसऱ्या कुणावर अन्याय होणार नाही, असं एकच माप होतं. त्यात मास्तरच्या चुका मोजाव्या लागत होत्या.

मग तो टोपीवाल्याकडे गेला. हा शेजारच्या रांगेतला प्रोग्रॅमर, घरातही टोपी काढत नसेल असा. ताईंनी त्यालाही कितीदा वाचवलेलं.

"लिहून देशील का रे?" मास्तरनं विचारलं.

टोपीवाल्यानं इकडे तिकडे पाहिलं. "मी मधे आहे, मास्तर. चार चुका कबूल केल्या की मीच खाली. तुला काय, तू पहिला आहेस. तू दहा कबूल केल्यास तरी तुझी नोकरी जात नाही, फार तर खुर्ची जाईल. तू का नाही लिहीत?"

मास्तर "बघतो" म्हणाला. त्यानं खरंच लिहायला घेतलंही. 'माझ्या कामातल्या चुका' इथपर्यंत लिहिलं. मग वाटलं, 'काही चुका' म्हणावं. मग वाटलं, 'किरकोळ' हा शब्द घालावा. मग किरकोळच असतील तर ताईंना त्याचे गुण कितीसे मिळणार, असं वाटलं. संध्याकाळी ऑफिस रिकामं होताना त्यानं ते पान बंद केलं, आणि कॉम्प्युटरनं 'जपून ठेवू का?' असं विचारलं तेव्हा 'नको' वर बोट ठेवलं. कुणी पाहिलं नाही. बायकोनं घरी गोड केलं होतं, ते त्यानं खाल्लं.

ताईंना साहेबांनी सांगितलं ते व्यवस्थित सांगितलं. महिनाअखेरपर्यंत काम करा म्हणाले, पत्र देऊ म्हणाले. ताई आल्या त्या सरळ मास्तरच्या खुर्चीमागे. नेहमीसारखंच त्याला कळलं नाही.

"मास्तर, वेळ आहे का रे जरा?"

तो उभाच राहिला. "ताई, बसा ना."

"नको, बसत नाही. भांडायला नाही आले मी." त्यांचे डोळे लाल होते पण आवाज साधा होता. "माप तू केलंस म्हणे. साहेब सांगत होते, तोंड न बघता केलंय. ते एक बरं झालं. कुणी मुद्दाम काढलं असतं तर जास्त लागलं असतं. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार."

"ताई, तसं काही..."

"नाही रे, ऐक. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार, ते मला दिसतंय. पण घेतलं तर तीच चूक परत नको व्हायला. एवढंच विचारायला आले. मी कुठे कमी पडले?"

खरं उत्तर त्याला माहीत होतं. 'कुठेच नाही, ताई. माझ्या चुका तुम्ही पोटात घातल्यात.' त्या वाक्यानंतर त्यांच्याकडे बघता आलं नसतं. तो कॉम्प्युटरकडे वळला, उगाच काहीतरी उघडलं, आकड्यांकडे बघितल्यासारखं केलं.

"तुम्ही जरा... वेळ जास्त लावता, ताई," तो म्हणाला. "तपासायला. खोलात जाता फार."

ताईंनी हळूहळू मान डोलावली, डॉक्टरनं शेवटी आजाराचं नाव सांगितल्यावर माणूस डोलावतो तशी.

"हो का," त्या म्हणाल्या. "खरंय. लागतो मला वेळ. इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही रे मला." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तोंडावर सांगितलंस, बरं केलंस. असं सांगणारं माणूस मिळत नाही."

महिना संपेपर्यंत ताई येत राहिल्या. मास्तर आता काचेच्या खोलीत बसायचा. तिथून त्या दिसत. मान खाली घालून त्या भराभर पानं उलटत होत्या, भराभर बटणं दाबत होत्या. कुणाच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहणं त्यांनी बंद केलं होतं, त्यात वेळ जातो म्हणून. शेवटच्या आठवड्यात एकदा त्यांनी काचेवर टकटक केलं आणि दार ढकलून अर्ध्याच आत आल्या. धाप लागली होती, चेहऱ्यावर पोरीसारखं हसू होतं.

"मास्तर, बघ, आजचं सगळं जेवायच्या आत संपवलं. सुधारतेय की नाही मी?"

"हो, ताई," मास्तर म्हणाला. "खूपच."