उदूचा करकोचा

कावळा. उत्पत्ती, अध्याय आठ.

नोहानं तारवातून आधी सोडला तो कावळा. कबुतर नंतरचं. पण जैतुनाचं पान चोचीत आणलं म्हणून नाव झालं कबुतराचं. कावळा बिचारा पाणी आटेपर्यंत इकडून तिकडे फिरत राहिला, एवढंच त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय.

शांतवन आवळेनं कळंब्याच्या तळ्यावर ही गोष्ट सांगितली तेव्हा उदयसिंह म्हणाला होता, "हेलपाटं ह्यानं घातलं आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात. आमच्या तालमीतबी असंच हुतं बघ."

त्या उदयसिंहाला जाऊन आज तिसरा दिवस होता. पंचगंगेच्या स्मशानभूमीत रक्षाविसर्जन उरकलं होतं. त्याच्या आवडीचं सगळं केळीच्या पानावर मांडलं होतं. भडंग, बेसनवडी, कपबशीत चहा, तंबाखूची पुडी. लिंबाच्या झाडावर दोन कावळे बसले होते.

आणि शिवायला एकही खाली येत नव्हता.

उदयसिंहाची बायको आक्काताई प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसली होती. तीन दिवसांत तिनं धड पाणीही घेतलं नव्हतं. "त्यांचं काय तर राहिलंय," ती म्हणाली. "ते कळल्याबिगर मी हितनं उठायची न्हाय."

मुलगा धैर्यशील पुढं झाला. "आबा, आईला अंतर देत न्हाय."

कावळे बसून.

"तुमची बुलेटबी इकत न्हाय."

एका कावळ्यानं पंख खाजवला.

धाकटा भाऊ कृष्णात हात जोडून म्हणाला, "दादा, बांधाचं भांडण मिटीवतो."

"कुठला बांध ते नीट सांग," गडहिंग्लजचे पावणे मागून ओरडले, "कावळा काय तलाठी हाय व्हय, समजून घ्यायला?"

लोक हसले. आक्काताई हसली नाही.

मग कुणाची तरी नजर फाटकाजवळच्या शांतवनवर गेली. "ओ आवळे! तुमी एवढं पाखरांच्या मागं फिरता. बलवा की एक!"

करकोचा. यिर्मया, अध्याय आठ.

आकाशातला करकोचासुद्धा आपला नेमलेला काळ ओळखतो, असं संदेष्टा म्हणतो.

शांतवन एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. दुर्बीण, बायबल आणि उदयसिंह, हे तिन्ही त्याच्याबरोबर तळ्यावर असायचे. पक्षी दिसला की शांतवन वचन सांगायचा, उदयसिंह थर्मासमधला चहा ओतायचा आणि वचनात खोट काढायचा.

रविवार मात्र चर्चचा. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी उदयसिंह एकटा कळंब्याला गेला आणि दुपारी शांतवनच्या दारात उभा राहिला.

"काळा करकोचा बघितला. लाल चोच, लाल पाय, पोट पांढरं."

"पांढऱ्या मानेचा असंल."

"मान काळी हुती."

"उन्हाच्या उलट बाजूला बसला असंल. सगळंच काळं दिसतंय."

"मर्दा, मी काय आंधळा हाय?"

शांतवनचा नियम होता. आपण पाहिला नाही तो पक्षी मानायचा नाही, वहीत टिपायचा नाही. काळा करकोचा तर पाहायची आस लावून तो सारा जन्म फिरला होता, आणि करकोचा आला तेव्हा हा चर्चच्या बाकावर बसून गीत म्हणत होता. हेही मनात होतंच.

उदयसिंह उंबऱ्यावरूनच म्हणाला, "न बघितलेला देव मानतोस की रं तू. मग माझा करकोचा का न्हाय?"

देवाचं वेगळं असतं, असं काहीतरी शांतवन बोलला. पुढं ही रोजचीच चेष्टा झाली. गेल्या आठवड्यात दवाखान्यात, नाकात नळी असताना, उदयसिंहानं दोन्ही हात पंखांसारखे सावकाश हलवले होते. शांतवन हसला. मान्य काही केलं नाही.

कावळा. पहिले राजे, अध्याय सतरा.

एलीया ओढ्याकाठी लपला होता तेव्हा कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देत.

"जा, पण लांब उभा राहा," चर्चमधले एक वडीलधारे सकाळी फोनवर म्हणाले होते. "कावळ्याबिवळ्याचं आपलं नव्हे." म्हणून तो फाटकाशी होता. ते आपलं नव्हे हे त्यालाही पटत होतं. पण खुर्चीतली ती ताठ पाठ दिसत होती, आणि ती आपलीच होती.

त्यानं सवयीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. कावळा भिंगात मोठा झाला. त्याचा डोळा सरळ शांतवनवर होता. शांतवन एक पाऊल पुढं सरकला तसा कावळा एक फांदी वर गेला.

शांतवननं दुर्बीण खाली घेतली. गलोल रोखणारा आणि दुर्बीण रोखणारा, कावळ्याला काय फरक? त्यात एवढी माणसं वर माना करून, डोळे लावून उभी. एलीयाकडे दुर्बीण नव्हती. तो पाणी पीत असेल, नाहीतर झोपला असेल.

दुर्बीण पिशवीत टाकून तो गर्दीतून थेट खुर्चीपाशी गेला.

"वहिनी, सगळ्यांनी पाठ करून उभं ऱ्हावा. नदीकडं तोंड."

"आणि कावळा शिवल्याला बघायचा न्हाय?"

"आपण बघतोय म्हणून तो येत न्हाय."

"मग कळायचं कसं, भावजी?"

शांतवननं स्वतःच नदीकडं तोंड केलं. आक्काताई उठली आणि तिनंही पाठ फिरवली. मग सगळ्यांनीच फिरवली.

पक्षी

नदी. पलीकडे ऊस. पाण्यावर एक खंड्या.

शांतवनचा हात पिशवीतल्या दुर्बिणीकडे गेला नाही.

कुणी खोकलं.

"उदू," शांतवन पुटपुटला, "मान काळीच हुती."

शेजारून आक्काताई, "कुणाची?"

"करकोच्याची."

"अगं बाई, त्यो!" तिला हसू फुटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी. "त्या करकोच्यापायी माझं डोस्कं खाल्लं हो त्यांनी. आंघुळीलाबी त्योच."

मागं पंख.

बशीवर कप किणकिणला.

धैर्यशील वळणार तोच गडहिंग्लजच्या पावण्यांनी त्याची मान धरली. "फिरू नगंस!"

आक्काताई हसायची थांबली. नदीकडे बघतच तिनं विचारलं, "भावजी, कावळाच न्हवं?"

शांतवननं कान दिला. कावळा असेल. घारही अशीच उतरते, साळुंकीही कप पाडते. मान थोडी वळवली असती तर कळलं असतं. पण वळवली असती तर ते उडालंही असतं.

"कावळाच, वहिनी."

"बघितला तुमी?"

"न्हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "धैर्या," ती म्हणाली, "पाणी दे रं मला. आणि शांतवनकाकाला चहा सांग."

करकोचा. कळंबा तलाव.

मान काळी. पाहणारा, उदयसिंह.