पाचव्या दिवशी चढलेली कढई

दचकू नका, मित्रांनो. बोलतेय ती मीच, नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीतली जुनी लोखंडी कढई. भांड्यांनी बोलू नये हे मलाही कळतं. पण या घरात जे घडलं, त्याने माझं लोखंड अजून थरथरतंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म कळमेश्वरकडच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. जन्म कसला, छळच तो! आधी लालभडक होईपर्यंत तापवायचं आणि मग घणाने ठोकायचं. लोहार दमून थांबला की त्याची बायको वाकून बघायची आणि म्हणायची, "बूड जाड राहिलं वाटते. अजून ठोका." मी तर हबकूनच गेले. जगात येताच कुणी एवढा मार खातं का?

बाजारात मला मधुकररावांनी उचललं. सोबत त्यांची नवी नवरी होती, रुखमाबाई. मधुकररावांनी माझ्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "घे वं हीच. जन्मभर टिकन." नवरी लाजली आणि मला पदराखाली धरून घरी घेऊन आली.

त्या घरात माझ्यात पहिल्यांदा तळले गेले ते आलूबोंडे. आपल्या नागपुरात बटाट्याला आलू म्हणतात, ठाऊक आहे ना? पुढे रविवार आला की आलूबोंडे ठरलेले. रुखमाबाई आलू उकडायच्या, हाताने कुस्करायच्या, मिरची-लसणाची फोडणी घालायच्या आणि बेसनात बुडवून माझ्यात सोडायच्या. पहिला बोंडा झाऱ्यावर आला रे आला की मधुकरराव कुठूनसे उगवायचे आणि तो थेट बोटांनी उचलायचे.

"अव माय! हात भाजतीन ना!" रुखमाबाई ओरडायच्या.

"मीठ पाहून राहिलो," असं म्हणत ते बोंडा या हातावरून त्या हातावर नाचवायचे. दर रविवारी तेच ओरडणं आणि तेच मीठ पाहणं. मीठ कधीच कमी निघालं नाही. पहिला बोंडा त्यांचा, हा त्या घरातला कायदाच होता म्हणा ना.

गल्लीत माझं फार कौतुक होतं. समोरचे नत्थूजी म्हणायचे, "मधुकर, तुह्या कढईले हात लावला तरी भूक लागते गा." मी फुलून जायची. मग मधुकररावांचा मुलगा जितेंद्र मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि सून दिपालीच्या रुखवतात एक नॉनस्टिक कढई आली. बाप्पा, काय तिचे लाड! चरा पडेल म्हणून तिला लाकडी चमच्याने हळूच ढवळायचं, मऊ फडक्याने पुसायचं. मला घणाने ठोकलं होतं, मित्रांनो! मी बघतच राहिले. होता होता मला खिळ्यावर टांगलं आणि माझ्या काठाला तांबेरा चढू लागला. रुखमाबाई येता-जाता माझ्याकडे बघायच्या, पण सुनेच्या हौसेआड त्या आल्या नाहीत.

आणि मग तो रविवार उजाडला. मधुकररावांची थोरली बहीण कांताबाई भिवापूरहून यायची होती. त्यांनी फोनवर तिला बजावून सांगितलं होतं, "आपल्या भिवापुरी मिरचीचं तिखट आणजो. इथलं तिखट नुसतं लाल राहते." सकाळीच त्यांनी मला स्वतःच्या हाताने खिळ्यावरून उतरवलं, घासूनपुसून शेगडीवर ठेवलं आणि माझ्यात तेल ओतलं. "आज कांताबाई येऊन राहिली. बोंडे याच कढईत झाले पाहिजेत," म्हणाले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेल तापत आलं होतं. मधुकरराव आलू सोलायला खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांची मान कलली. हातातला आलू घरंगळत माझ्या ओट्याखाली आला.

कुणी ओरडलं, कुणी धावलं. दिपालीने गॅस बंद केला. डॉक्टर आले आणि मान हलवून गेले. माझ्यातलं तेल हळूहळू थंड होत होतं आणि माझा विश्वासच बसत नव्हता. आत्ता तर हा माणूस माझ्याशी बोलत होता! कांताबाई दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तिखटाचा डबा होता आणि भाऊ जमिनीवर निजवलेला होता.

संध्याकाळी माझ्यातलं तेल काढून मला परत खिळ्यावर टांगलं. मित्रांनो, आमच्याकडे रीत अशी, की ज्या घरात माणूस जातं त्या घरात तेरवीपर्यंत, म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत, कढई चढत नाही. तळण नाही, फोडणीही नाही. शेजारपाजारचे लोक जेवण आणून देतात, तेही सपक. कांताबाई या रीतीच्या भारी कडक. आल्या दिवशीच त्यांनी दिपालीला बजावलं, "कढईकडे पाहू पण नको वं." मी आपली भिंतीला पाठ लावून गप्प राहिले. माझंही दुःखच होतं ना ते.

पण खरा घोर वेगळाच होता. रुखमाबाई जेवेनात. रडल्याही नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, दिवसातून दोन घोट कोरा चहा, बस्स. त्यांना साखरेचा आजार. गोळी घ्यावी तर पोटात अन्न हवं आणि अन्न तर नाही. लोकांनी पिठलं आणलं, खिचडी आणली, सगळं परत गेलं. चौथ्या दिवशी नत्थूजींच्या सुनेने मोबाइलवर बघून एक नवाच प्रकार केला. आलू उकडून दुधात आणि मिठात घोटलेला पांढराशुभ्र लगदा, पातेलंभर! "आजीले चावावं पण लागणार नाही," म्हणाली बिचारी. रुखमाबाईंनी एक चमचा तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. लगदा फ्रिजमध्ये गेला.

पाचव्या दिवशी सकाळी त्या मोरीकडे जायला उठल्या आणि दारातच कोसळल्या. अंग घामाने थबथबलेलं, हात लटलट कापत होते. दिपालीने ओठांना गूळपाणी लावलं तेव्हा कुठे डोळे उघडले. डॉक्टर येऊन रागावले, आजची गोळी बंद केली आणि म्हणाले, "दुपारपर्यंत काही खाल्लं तर ठीक. नाहीतर भरती करा, मी थांबणार नाही." दिपाली रडायलाच लागली. एक माणूस गेलंच होतं, आता दुसरंही त्याच वाटेने निघालं होतं.

कांताबाई बराच वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या. मग उठल्या, फ्रिजमधून लगद्याचं पातेलं काढलं, त्यात बोट घालून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तर बूडच थंड पडलं! कांताबाई? आणि कढईकडे?

त्यांनी मला खिळ्यावरून खाली काढलं.

"आत्याबाई, काय करून राहिल्या?" दिपालीने विचारलं.

"दिसत नाही काय? तळण करून राहिलो. थे नारळाची शेंडी दे इकडे."

खडं मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांनी माझ्या अंगावरचं चिकटलेलं तेल खरडलं, मला धुतलं, पुसलं आणि नवं तेल ओतून शेगडीवर चढवलं. जितेंद्र धावत आला. वडिलांना अग्नी दिलेला, डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा.

"आत्या, काहून असं करतेस? बाबाले जाऊन पाचच दिवस झाले. लोक काय म्हणतीन?"

"लोकाइले मी पाहून घेतो. माह्यं लगन होऊन मी दुसऱ्या घरची झालो. माह्यं सुतक तिसऱ्या दिवशीच फिटलं. तुम्ही कोणी हात लावू नका, मी एकटी करतो. पाप लागलं तर मले लागन." त्यांचे डोळे भरले, पण हात थांबले नाहीत. "माह्या भावाले वाचवू नाही शकलो, बाबू. त्याच्या बायकोले तरी वाचवू दे."

जितेंद्र दाराला टेकून उभा राहिला.

कांताबाईंनी लगद्याची एक चपटी टिकिया थापली आणि माझ्यात सोडली. अरे देवा! दुधाने तो लगदा असा पातळ झालेला, की टिकिया तेलात पडताच फुटली, तेल चारी बाजूंना उडालं आणि माझ्यात नुसता गाळ तरंगू लागला. दिपाली किंचाळून मागे सरली. मी म्हटलं, झालं! रीत पण मोडली आणि पदार्थ पण.

"ओलं आहे वं हे. बांधल्या गेलं पाहिजे," कांताबाई म्हणाल्या. गाळ झाऱ्याने काढून टाकला. दिपालीला आता धीर आला होता. तिने पोह्यांचा डबा काढून दिला, ज्वारीचं पीठ पुढे सरकवलं. कांताबाईंनी पोहे हातानेच चुरले, दोन मुठी पीठ घातलं, लसूण ठेचून टाकला. मग पिशवीतून तो तिखटाचा डबा काढला. भावासाठी आणलेला, अजून झाकणही न उघडलेला. क्षणभर त्यांनी तो छातीशी धरला आणि मग चमचाभर तिखट त्या पांढऱ्या गोळ्यात घातलं. गोळा मळता मळता लालसर झाला. या खेपेला टिकिया माझ्यात गेली आणि चर्र करून टिकली. कडा सोनेरी झाल्या. पाच दिवस मुक्या असलेल्या त्या घरात लसणाचा आणि भिवापुरी मिरचीचा वास घमघमला.

महालातल्या गल्लीत वास लपवता येतो का कधी? भिंतीला भिंत लागलेली! थोड्याच वेळात नत्थूजी काठी टेकत दारात उभे. "जितेंद्रा! तुह्या घरी तळण? डोकं फिरलं काय गा तुमचं? मधुकरची राख गार नाही झाली!"

दिपालीचा चेहरा पांढराफटक पडला. बोल सुनेलाच लागणार, हे ती जाणून होती. पण कांताबाई झारा हातात घेऊनच दारात गेल्या.

"मी तळलं, नत्थूजी. सुनेले काही बोलायचं नाही. आणि आलू तुमच्याच घरचे आहेत."

नत्थूजी पुढे काही बोलणार, एवढ्यात आतून भिंत धरत धरत रुखमाबाई आल्या. आता या काय बोलणार? विधवेच्या घरात पाचव्या दिवशी कढई! माझ्यातलं तेलसुद्धा चुरचुरायचं थांबलं असं मला वाटलं. रुखमाबाई माझ्याजवळ आल्या, वाकून बघितलं आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "तेल नाही तापलं बाई नीट. असं तळण तेल पिते."

पाच दिवसांतलं पहिलं वाक्य! कांताबाईंनी गॅस मोठा केला.

नवी टिकिया झाऱ्यावर आली. बाहेरून कुरकुरीत, खरपूस. रुखमाबाईंनी झाऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. कुणीतरी कुठूनसं उगवेल म्हणून वाट बघितली असावी.

"पहिला त्यायचा राहते," त्या म्हणाल्या, आणि धाय मोकलून रडू लागल्या. एवढा मोठा आवाज त्या बाईत होता हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कांताबाईंनी त्यांना कुशीत घेतलं आणि दोघी रडल्या. मग कांताबाईंनी टिकियेचा तुकडा मोडला, फुंकला आणि त्यांच्या तोंडात घातला. कर्रकन आवाज झाला. त्यांनी चावलं. गिळलं. दुसरा तुकडा स्वतः उचलला. दिपाली हात जोडून माझ्यापुढे उभी होती, जणू मीच काही केलं होतं.

नत्थूजी दारातच बसून राहिले. मग म्हणाले, "मधुकरले तिखटच लागे." आणि गल्लीत कुणाला काही बोलू दिलं नाही. तेरवीला पाहुण्यांत कुजबुज झालीच, तेव्हा कांताबाईंनी भर पंगतीत सांगितलं, "हो, तळलं. मी तळलं. पाह्य, समोर बसून जेवून राहिली माह्यी भावजय." पाहुण्यांनी माना खाली घालून वरण ओरपलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आम्हा जुन्या भांड्यांना खिळ्यावर गंजत ठेवू नका, साबणाने खरवडू नका, तेलाचं बोट लावत जा. रीतही पाळा, मी नाही म्हणत नाही. पण घरात कुणी जेवणाकडे पाठ फिरवून पडलं असेल, तर आधी त्याच्यासाठी कढई चढवा आणि रीतीचं काय ते मग बघा. उरलेले आलू टाकू तर मुळीच नका.

आता मी शेगडीवरच असते. नॉनस्टिक बाई खिळ्यावर गेल्या. मागच्या रविवारी रुखमाबाईंनी स्वतः बोंडे तळले. पहिला बोंडा झाऱ्यावर आला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि तो थेट बोटांनी उचलला, या हातावरून त्या हातावर नाचवत.

मागून दिपाली ओरडली, "अव माय! आई, हात भाजतीन ना!"

"मीठ पाहून राहिलो," रुखमाबाई म्हणाल्या.