राबाचा धूर

ओटीवर काडेपेटी खुळखुळली. बाबांनी ती कानाशी धरून हलवली आणि खिशात टाकली.

"ऊन चढाच्या आधी राब लावून येतो."

हेच अडवायला मी माझ्या लेकीला, पिंकीला घेऊन चंदनसारच्या फ्लॅटमधून चांदीपला माहेरी आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबांची फुप्फुसं निम्मी कामातून गेलीत, आता धूर नको.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला भात पेराचा हाय काय?" म्हणत ते निघाले. आम्ही दोघी मागोमाग.

राब म्हणजे पेरणीआधी रोपाच्या जागेवर पाला, काटक्या, शेण पसरून जाळायचं, म्हणजे तणाचं बी मरतं. माझ्या लहानपणी तो गोडसर धूर अख्ख्या गावावर तरंगायचा. आई माझे केस हुंगून म्हणायची, "राबात लोललीस वाटतं गं!"

पुढे डोंगरावरचा पाला आटला. बापाची पायपीट वाचावी म्हणून माझा भाऊ प्रितेश कामणच्या गोदामांतून टायरच्या पट्ट्या, फाटकं पॅकिंग आणू लागला. काळा धूर, पण तण साफ. "पोरानं सोय केली," बाबा गावभर सांगायचे.

आजही ढिगातून त्या पट्ट्या डोकावत होत्या.

"त्या धुरात चिकट विष असतं, बाबा. शरीर ते बाहेर काढायला जातं आणि त्या झटापटीत पेशीच आतून गंजतात. मग कितीही डागडुजी केली तरी पुरी पडत नाही."

"लोखंड गंजतं पान्यानं. धुरानं नाय."

बोलतानाच त्यांना खोकला आला. बराच वेळ थांबेना. थांबला तेव्हा ते खाली बसले आणि एकेक पट्टी ओढून बांधावर टाकू लागले. ढीग खचला.

"आता निस्ता पाला ऱ्हायला. येवढा तरी लावू? तुझ्या आयशीनं लावला तसा."

मला हो म्हणायचं होतं. तो वास मलाही हवा होता. पण डॉक्टरांना मी तेही विचारून आले होते.

"पाल्याच्या धुरातही तेच असतं, बाबा. कमी, पण असतं."

ते दोन्ही हातांनी पाला विसकटू लागले.

"मंग यंदा खुरपून काढू. येशील खुरपाला, का फ्लॅटवाली झालीस?"

"येईन."

पिंकी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून पाला उडवायला लागली. बाबा खुलले.

"तुझी आय तुझ्यायेवढी असताना हितंच बसायची, पोरी. निखाऱ्यात फनसाच्या आठल्या भाजायची. डोले लालभडक, तरी उठाची नाय. दहादा हाकलली तरी फिरून धुरातच!"

ते हसले, आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला.

पिंकी हातातला पाला सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"आई, म्हणजे तुझ्या आतपण ते विष आहे?"