कोच हार्लनचा शेवटचा सीझन

अबुधाबीत अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की लोक आधी कोच हार्लनचं नाव घ्यायचे, मग कॅप्टन नोमानचं. तरुणपणी हार्लननी अमेरिकेत या धडकाधडकीच्या खेळात मोठं नाव कमावलं होतं. इथे येऊन त्यांनी 'ओरिक्स' या नवख्या व्यावसायिक टीमला तीनदा लीग जिंकून दिली. नोमानचं घराणं श्रीवर्धनचं, पण तो वाढला इथेच. शाळेत असताना हार्लननी त्याला हेरलं आणि बापाच्या मायेने घडवलं.

सेमीफायनल संपत आली होती. नोमानच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर कोचचा आवाज आला, "डावीकडे. राहिलला पास दे."

राहिल केव्हाच खेळ सोडून अल ऐनला शाळेत शिकवायला लागला होता. विचार करायला वेळ नव्हता. नोमानने मनानेच वेगळी चाल रचली, बॉल वलीकडे फेकला आणि मॅच जिंकली. पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कोचचीच चाल होती."

चेंजिंग रूममध्ये वलीने त्याला गाठलं. वली रत्नागिरीचा, त्याचा जिवाचा दोस्त.

"खरं सांग. मागच्या मॅचलाही अशीच उलटी चाल आली होती ना? त्यातच तनिषचा खांदा गेला."

"खलास, वली. विषय नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोचनीच त्याला खलिफा सिटीतल्या आपल्या व्हिलावर बोलावलं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे.

"काल मी तुझ्या कानात काय बोललो?" त्यांनी थेट विचारलं.

नोमानची मान खाली गेली. "राहिलचं नाव घेतलंत."

कोच म्हणाले, "आठवण हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. इतकी वर्षं डोक्यावर मार खाल्ला, त्याचं हे. वाटलं, एवढा सीझन निघेल."

"फायनललाही मी सांभाळून घेईन, कोच. कुणाला कळणार नाही."

"आणि तनिषसारखा आणखी एखादा?"

नोमानला रडू आवरत नव्हतं, आणि कोच त्याच्या खांद्यावर थोपटत होते, जणू आजारी तोच होता.

पुढच्या सरावाच्या वेळी कोचनी सगळ्यांना गोल उभं केलं. "मी आज तुम्हाला सांगणार आहे की..." म्हणाले आणि थांबले. शब्द हरवला होता. ते नोमानकडे बघत राहिले. नोमान पुढे झाला, त्यांचा हात हातात घेतला आणि उरलेलं त्याने सांगितलं: कोचचा आजार, आणि फायनलला ते सूचना देणार नाहीत हेही. खांद्याला पट्टा बांधलेला तनिष सगळ्यात आधी आला आणि त्याने कोचना मिठी मारली.

फायनलला कोच स्टँडमध्ये बसले. नोमानची अम्मी हव्वाबी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसली. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण खजूर आणि चहाचा थर्मास घेऊन ती शेवटपर्यंत हलली नाही.

ओरिक्स थोडक्यात हरले. नोमान घामाने निथळत वर आला.

"माफ करा, कोच. जिंकायला हवं होतं."

कोचनी त्याला शेजारी बसवलं आणि समजावू लागले, उजवीकडचा माणूस कुठे चुकला, बॉल थोडा आधी का सोडायला हवा होता. बोटाने ते मैदानाच्या दिशेने हवेत रेषा ओढत होते, डोळ्यांत जुनी चमक होती. हळूहळू नोमानच्या लक्षात आलं, ते सांगताहेत ती मॅच आजची नव्हतीच. ती कुठल्या तरी दूरच्या शहरातली होती, नोमानच्या जन्माच्याही आधीची.

"कळलं?" कोचनी विचारलं.

"हो, कोच," नोमान म्हणाला. "पुढे सांगा ना."

हव्वाबीने दोघांच्या हातात चहा दिला. मैदानावरचे दिवे विझायला लागले तरी कोच बोलतच होते.