दिवा गेला, चित्र गेलं!

"आवाज गेला तरी चालेल, चित्र थांबता कामा नये!"

सिनेमाच्या मशीनची घरघर, तिच्याही वर चढलेला अप्पांचा आवाज आणि स्टुलावर उभी राहून भोकातून पडदा बघणारी सात वर्षांची ती. चाळीस वर्षं उलटली, पण तो आवाज लेकीच्या कानात अजून ताजा होता.

थिएटरच्या मशीनखोलीत अप्पांची उभी हयात गेली. आता लेक एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहायची आणि दर शनिवारी दुपारच्या खेळाला अप्पांना सोबत न्यायची. शनिवार उजाडला की अप्पा न्याहारीच्या आधीच इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसायचे. लेखावर नाव लेकीचं, पण नजर अप्पांची.

मागच्या शनिवारी रहस्यपट होता. मध्यंतराला अप्पा म्हणाले, "खून धाकट्या जावेनं केलाय."

"काहीतरीच! सगळ्यांत जास्त तीच तर रडतेय."

"रडू दे. बाकीचे दाराकडे बघतात तेव्हा ही एकटी घड्याळाकडे बघते."

शेवटी बेड्या जावेच्याच हातात पडल्या. लेकीनं तोंडात बोटं घातली.

घरी मात्र अप्पांची तऱ्हा वेगळी. ते पाठमोरे असताना काही विचारलं की उत्तरच नाही. "हट्टी म्हातारा," म्हणून लेक सोडून द्यायची.

या शनिवारी विनोदी सिनेमा होता. एका घरातली वीज जाते, नवरा-बायको एकमेकांना चोर समजतात आणि अंधारात एकमेकांच्या पाया पडतात. पडदा काळाकुट्ट, नुसते दोन घाबरलेले आवाज. थिएटर हसून हसून लोळत होतं. लेकीच्या डोळ्यांना पाणी आलं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची खाडकन मिटली.

"दिवा गेला! चित्र गेलं! अरे, बघताय काय नुसते?" अप्पा ओरडले आणि सत्तरी ओलांडलेल्या पायांनी मशीनखोलीच्या जिन्याकडे धावले. लोकांना वाटलं, म्हातारबुवा गंमत करतायत. ते आणखीच हसले.

लेकीचं हसू ओठांवरच थिजलं. भोवती आवाजाचा पूर आणि त्यात हा एकच माणूस कोरडा.

मग ती घड्याळाकडे बघणारी जाऊ? ते सगळे शनिवार? भुवयांची हालचाल, हातांची चुळबुळ, मान वळायला लागलेला अर्धा क्षण, एवढ्यावर या माणसानं अख्खे सिनेमे वाचले होते! धावत जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं, असं तिला वाटलं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मिणमिणत्या दिव्याखाली तिनं त्यांना गाठलं, खांदे धरून आपल्याकडे वळवलं.

"सोड गं, वरचा गडी झोपला असेल."

"अप्पा, मशीनचा दिवा गेला नाही. तो सीनच अंधारातला आहे. ती दोघं नुसती बोलतायत."

अप्पांची नजर तिच्या ओठांवर खिळली होती. "आणि लोक?"

"हसतायत. छप्पर उडेल इतकं."

"मग जमलाय सीन," ते हळूच म्हणाले. कठड्यावरची बोटं उगीच मागेपुढे झाली. मग ते पायरीवरच टेकले.

"दोन वर्षं झाली, बाळ. काही म्हणजे काही ऐकू येत नाही. सांगितलं असतं, तर तू मला सिनेमाला आणलं नसतंस."